दूरचा सल्ला आणि गावची कणगी

ग्रामीण दारिद्र्याविषयी सध्या एक सिद्धान्त मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. गरिबाजवळ माहिती नाही म्हणून तो उपाशी आहे. आता मोबाईल खेडोपाडी पोहोचला आहे, त्यामागून माहितीही पोहोचेल आणि उपासमार आपोआप ओसरेल, असे या सिद्धान्ताचे सार आहे. सरकारी खाती, मोठ्या कंपन्यांचे धर्मादाय विभाग आणि देणगीदार संस्था या सर्वांना तो सारखाच प्रिय आहे. त्याचे कारण उघड आहे. त्यात जमिनीच्या फेरवाटपाचा प्रश्न येत नाही, मजुरीच्या दराचा येत नाही, रेशनवरील खर्चाचाही येत नाही. धान्य देण्यापेक्षा सल्ला देणे केव्हाही स्वस्त पडते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील दर शंभर बालकांपैकी ३५ बालकांची वाढ खुंटलेली आहे. ज्या राज्यात साखर कारखाने, द्राक्षबागा आणि शीतगृहे यांचा अभिमान बाळगला जातो, त्या राज्याची ही स्थिती आहे. ही मुले सल्ल्याच्या अभावी खुंटलेली नाहीत. त्यांच्या घरी आषाढ-श्रावणात धान्य नसते, आईला बाळंतपणानंतर लगेच मजुरीला जावे लागते आणि पावसाळ्यात घेतलेल्या धान्याची फेड सुगीत दिढीने करावी लागते, म्हणून ती खुंटलेली आहेत.

असे असूनही या सिद्धान्ताबरोबर दुरून मार्गदर्शनाची सगळी कल्पनाच झिडकारून टाकणे आपल्या चळवळीला परवडणारे नाही. कारण भुकेशी सामना करण्याचे फार मोठे शहाणपण गोरगरिबांनी स्वतः कमावलेले आहे, आणि ते ज्या गावात जन्मते त्या गावाच्या शिवेबाहेर सहसा जात नाही. एका खोऱ्यातील बायकांनी दहा वर्षे खपून उभी केलेली धान्य बँक शेजारच्या तालुक्याला ठाऊक नसते. तिथल्या बायका नव्याने सुरुवात करतात, त्याच अडचणींत सापडतात आणि दोन वर्षांत निराश होऊन थांबतात. हे शहाणपण गावोगाव कसे न्यावे, कोणी न्यावे आणि त्यावर मालकी कोणाची राहावी, हा आपल्यापुढील राजकीय प्रश्न आहे.

धान्य बँक म्हणजे नेमके काय

ज्या ज्ञानाविषयी आपण बोलतो आहोत ते कोणत्या जातीचे आहे, हे आधी समजून घ्यावे. समजा, एखाद्या पाड्यावरील चाळीस घरांनी सुगीत प्रत्येकी वीस किलो नाचणी किंवा भात एकत्र केला. आठ क्विंटलांचा साठा झाला. पावसाळ्यात त्यातील वीस गरजू घरांनी प्रत्येकी चाळीस किलो उचलले. सावकाराकडून दिढीने घेतले असते तर त्यांना प्रत्येकी साठ किलो परत करावे लागले असते. धान्य बँकेला सवाईने पन्नास किलो परत करावयाचे. म्हणजे प्रत्येक घराचे दहा किलो वाचले, आणि वर दिलेले दहा किलो सावकाराच्या कोठारात न जाता गावाच्याच कणगीत पडले. तूटफूट सोडली तर आठ क्विंटलांचे दहा क्विंटल झाले. हिशेब इतका सोपा आहे की तो शाळकरी मुलालाही समजेल.

अवघड भाग पुढे येतो. परतफेडीच्या वेळी लोक हलके, ओलसर धान्य आणून घालतात; ते नाकारावयाचे कोणी? कणगीची किल्ली कोणाच्या घरी ठेवावयाची? दुष्काळाच्या वर्षी वसुली पुढे ढकलली तर पुढल्या वर्षी ती होते की कायमची बुडते? गावातील वजनदार माणसाने थकवले तर त्याच्या दारी जायचे कोणी? जे अगदीच निर्धन आहेत, ज्यांच्याजवळ आरंभीचे वीस किलोही नाहीत, त्यांना सभासद करावयाचे की नाही? आणि मग साठवणुकीचे ज्ञान: धान्य किती दिवस वाळवावे, दाताखाली कडकन फुटणारा दाणा कसा ओळखावा, कणगी शेणामातीने केव्हा सारवावी, कडुनिंबाचा पाला कसा घालावा, बियाण्याला राख किती चोळावी, पेव उघडल्यावर आतली कोंदलेली हवा निघून जाईपर्यंत कोणालाही आत का उतरू देऊ नये. यांतील बहुतेक गोष्टी कोणत्याही शासकीय पुस्तिकेत नसतात. ज्यांनी ते काम केले आहे त्यांच्या हातात आणि आठवणीत त्या असतात.

केंद्र शासनाने १९९६-९७ साली अकरा राज्यांत आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँक योजना सुरू केली. पुढे २००४ साली ती अन्न खात्याकडे गेली. दर कुटुंबामागे चाळीस किलो आणि तीस-चाळीस कुटुंबांमागे एक बँक, असे तिचे माप होते. मापात दोष नव्हता. पण वरून आलेले धान्य लोकांच्या दृष्टीने सरकारचे असते आणि सरकारचे धान्य परत करावयाचे असते असे कोणालाच वाटत नाही. वर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे धान्याच्या पोत्याबरोबर पाठवता येत नाहीत. ती देणारे माणूस पाठवावे लागते, निदान त्याचा आवाज तरी पाठवावा लागतो.

पुण्याचा जुना धडा

आवाज पाठवण्याचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात रेडिओच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील दीडशेच्या आसपास गावांमध्ये शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. मंडळाचे सभासद एकत्र बसून तो ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न व शंका केंद्राकडे लिहून पाठवीत. पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे दिली जात. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांची तुलना त्याने दोन प्रकारच्या गावांशी केली: जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि जिथे रेडिओही नव्हता.

निष्कर्ष स्पष्ट होता. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात लक्षणीय वाढ झाली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती नगण्य होती. यंत्र दोन्हीकडे तेच, बोलणारा तोच आणि विषयही तेच. फरक होता तो गावाने एकत्र बसण्याचा आणि उलट प्रश्न विचारण्याच्या अधिकाराचा.

या धड्याचा आपल्या राज्यकर्त्यांना लवकरच विसर पडला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील २,४०० गावांना दूरचित्रवाणीवरून शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे पाठ देण्यात आले. तांत्रिक दृष्ट्या तो पराक्रमच होता. परंतु पडद्यावरचा माणूस बोलणार आणि गावाने ऐकावयाचे, अशी ती रचना होती. पडद्याला प्रश्न विचारता येत नव्हता. २००४ च्या जानेवारीत किसान कॉल सेंटर सुरू झाले. तेथे प्रश्न विचारता येतो हे खरे. पण तो एकट्या शेतकऱ्याने विचारावयाचा, उत्तर देणाऱ्याने त्याचे गाव पाहिलेले नसते आणि पुढच्या वेळी तोच आवाज भेटेल याची शाश्वती नसते. पिकावरील रोगाला औषध कोणते, एवढ्यापुरते ते उपयोगी आहे. थकबाकीदार पाटलाच्या दारी जायचे कोणी, या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळणार नाही.

म्हणून दुरून मार्गदर्शनाची पहिली अट पुण्याच्या प्रयोगातूनच निघते: एका टोकाला एकटा माणूस नको, मंडळ हवे, आणि तारेवरून प्रश्न जावयास हवा, केवळ उपदेश यावयास नको.

गुरू कोण?

दुसरी अट गुरूविषयी आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आज सर्वश्रुत आहे. महादेव कोळी समाजातील या शेतकरी बाईंना शाळेचे शिक्षण मिळाले नाही. परंतु वालाच्या, भाताच्या आणि रानभाज्यांच्या गावरान वाणांचे बियाणे त्यांनी राखले, वाढवले आणि इतर शेतकऱ्यांना दिले. बाएफ या संस्थेचे साहाय्य त्यांना लाभले. २०२० साली पद्मश्री जाहीर झाल्यानंतर देशाने त्यांची दखल घेतली. सत्कार झाले ते योग्यच झाले. पण सत्कारात एक धोका असतो. आपण अशा व्यक्तीला असामान्य ठरवतो आणि तिच्याकडून शिकण्याची जबाबदारी टाळतो. राहीबाईंना जे ठाऊक आहे त्याचा काही ना काही अंश सह्याद्रीच्या प्रत्येक खोऱ्यातील शेकडो बायकांना ठाऊक आहे. त्यांना कोणी विचारावयास गेलेले नाही, इतकेच.

दुसरे उदाहरण आपल्या सीमेपलीकडचे आहे. लातूर-नांदेड ओलांडून बिदरच्या पुढे गेले की तेलंगणातील जहीराबादचा प्रदेश लागतो. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ पासून तेथे काम करीत आहे. सुमारे पाऊणशे गावांतील दलित स्त्रियांनी संघ बांधले. १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी पडीक जमिनी कर्ज देऊन पुन्हा लागवडीखाली आणल्या. कर्जाची फेड पैशाने न घेता ज्वारीने घेतली. ती ज्वारी गावातच साठवली आणि पावसाळ्यात गरीब घरांना स्वस्त दराने विकली. गरीब कोण, हे तहसीलदाराच्या यादीवरून ठरले नाही. गाव एकत्र बसले, जमिनीवर घरांचा नकाशा काढला आणि कोणाचे घर कोणत्या पायरीवर आहे हे सर्वांसमक्ष ठरवले. रेशनच्या दुकानात केवळ गहू-तांदूळ येत असताना या बायकांनी आपल्या मातीतील ज्वारीचे, आपल्या गावचे रेशन उभे केले.

याच स्त्रियांनी पुढे कॅमेरा हाती घेतला आणि २००८ साली माचनूर येथे स्वतःचे संघम रेडिओ केंद्र सुरू केले. शेती करणाऱ्या दलित स्त्रिया तेथे स्वतःच्या तेलुगू बोलीत बोलतात आणि त्यांच्यासारख्याच स्त्रिया ते ऐकतात. सांगणारी आणि ऐकणारी यांच्यामध्ये जात, वर्ग आणि प्रमाणभाषा यांची भिंत उभी राहत नाही. आपल्या कृषिविस्ताराच्या एवढ्या मोठ्या यंत्रणेला जे साधले नाही ते येथे साधले, याचे मूळ कारण तेच आहे.

देगलूर-उदगीर भागात मराठीबरोबर तेलुगू किंवा कानडी बोलणाऱ्या कष्टकरी बाया पुष्कळ आहेत. जहीराबादचे शहाणपण मराठवाड्यात आणण्यास याहून चांगल्या दुभाषी कोठे मिळणार? भाषावार प्रांतरचनेने राज्यांच्या सीमा आखल्या. भुकेला त्या सीमा ठाऊक नाहीत.

तारेवरून काय जाते, काय जात नाही

या ठिकाणी मर्यादाही मोकळेपणाने मान्य करावयास हव्यात. फोनवरून दाणा चावून पाहता येत नाही. कणगीच्या तळाला आलेली ओल हाताला लागावी लागते. आणि अपरिचित माणसाच्या बोलण्यावर वर्षभराचे धान्य कोणी सोपवीत नाही; विश्वास हा प्रत्यक्ष भेटीतूनच निर्माण होतो. म्हणून पहिली भेट समोरासमोर व्हावयास हवी. नव्या गावच्या चार-पाच जणींनी जुन्या गावी जाऊन सुगीचे आठ दिवस राहावे, माप कसे घेतात, वही कशी लिहितात, भांडण कसे मिटवतात हे पाहावे. पावसाळ्याच्या तोंडाला, पहिले वाटप होताना, जुन्या गावच्या दोघींनी नव्या गावी यावे.

या दोन भेटींच्या मधल्या काळात फोनचा खरा उपयोग आहे. तेव्हाच अडचणी येतात आणि तेव्हाच नवी संघटना कोलमडते. धान्याला किडे लागले, दोघींनी राजीनामा दिला, सरपंचाने किल्ली मागितली, अशा वेळी पंधरा दिवसांनी ठरलेल्या वारी, सगळ्या जणी एकत्र बसल्या असताना, अनुभवी बाईचा परिचित आवाज ऐकू यावा. ती सांगेल, "आमच्याकडेही असेच झाले होते, आम्ही असे केले." हे वाक्य कोणत्याही तज्ज्ञाला म्हणता येत नाही. हिशेबाची वही, सभेचे नियम, वसुलीची पद्धत आणि मुख्य म्हणजे धीर, एवढ्या गोष्टी तारेवरून उत्तम रीतीने जातात.

मात्र फोन कोणाच्या हातात आहे, हेही पाहिले पाहिजे. त्याच सर्वेक्षणानुसार देशात स्वतः वापरण्याचा मोबाईल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ५४ टक्के होते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या बाईला नवऱ्याचा वा मुलाचा फोन मागून घ्यावा लागत होता. वैयक्तिक फोनवर आधारलेली कोणतीही योजना गरिबांतील गरीब बाईला वगळूनच चालेल. मंडळाचा एक सामायिक फोन, ग्रामपंचायतीच्या वा अंगणवाडीच्या जागेत, ठरलेल्या वेळी, हाच मार्ग न्याय्य आहे. पुण्याच्या श्रोतृमंडळात सगळ्यांनी मिळून एकच रेडिओ ऐकला होता.

आपल्याच मित्रांचा आक्षेप

आपल्यातील काही साथी या कल्पनेकडे संशयाने पाहतील हे उघड आहे. ते म्हणतील, कणग्या आणि बियाणे यांचे काम स्वयंसेवी संस्थांना करू द्या. आपले काम सरकारला जाब विचारण्याचे आहे. धान्य बँका निघाल्या की शासन म्हणेल, लोक स्वतःची सोय करीत आहेत, आता रेशन कशाला?

हा आक्षेप हलका नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. २०२३ पासून त्याखालील धान्य मोफत आहे. तरी दरमहा माणशी पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम. डाळ आणि तेल यांचा हक्क त्या कायद्यात नाही. लाभार्थींची संख्या अजूनही २०११ च्या जनगणनेवर बेतलेली असल्यामुळे त्यानंतर वाढलेली लोकसंख्या हिशेबाबाहेर राहते. अशा स्थितीत शासनाला जबाबदारीतून सुटण्याची कोणतीही सबब मिळता कामा नये. आठ क्विंटलांची कणगी गावाला आषाढ पार करून देईल. दुष्काळ पार करून देणार नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र जगला तो लाखो माणसांना काम देण्यास शासनाला भाग पाडल्यामुळे. त्यातूनच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला. त्याच काळात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासह मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. हा वारसा सोडून देण्याचा प्रश्नच नाही.

परंतु ज्ञान आणि हक्क यांची ही फारकत खोटी आहे. अन्नाच्या शहाणपणात रेशनचे शहाणपणही येते. दुकानावर दक्षता समिती असावी, हे कायद्यातच आहे. धान्य मिळाले नाही तर अन्नसुरक्षा भत्ता मागण्याचा हक्क कलम ८ देते. जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आणि राज्याला अन्न आयोग आहे. हे किती पाड्यांना ठाऊक आहे? ज्या गावच्या बायकांनी एकदा दुकानदाराचे दप्तर उघडावयास लावले आहे, त्यांनी दुसऱ्या गावाला ते कसे करावयाचे हे शिकवणे, हेही दुरून मार्गदर्शनच आहे. कणगी राखणारी बाई हिशेब वाचू लागते. आणि हिशेब वाचणारी बाई दुकानदाराला, सरपंचाला आणि उद्या आमदाराला जाब विचारू लागते. डॉ. लोहियांनी चौखंभा राज्याची कल्पना मांडली तेव्हा गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र या चारही खांबांवर सत्ता उभी राहावी असे त्यांना अभिप्रेत होते. गावाचा खांब मजबूत झाल्याने केंद्राचा खांब काढून घेण्याचा परवाना मिळत नाही.

मोबदला आणि मालकी

आणखी दोन गोष्टींवर आपण आग्रह धरला पाहिजे. पहिली गोष्ट मोबदल्याची. शिकवणाऱ्या बाईचा दिवस बुडतो. शहरातील सल्लागाराला शुल्क, प्रवासभत्ता आणि मुक्काम मिळतो, तर खेड्यातील बाईला शाल आणि नारळ मिळतो. आशा आणि अंगणवाडी सेविकांना वर्षानुवर्षे वेतनाऐवजी मानधनावर राबवून घेतले गेले, त्याचीच ही पुढची आवृत्ती होऊ नये. मार्गदर्शनाच्या प्रत्येक दिवसाची, आणि फोनवरच्या प्रत्येक बैठकीचीही, मजुरी तिला हक्काने मिळावी आणि ती सार्वजनिक निधीतून मिळावी.

दुसरी गोष्ट मालकीची. बायकांनी सांगितलेले वाण, साठवणुकीच्या रीती आणि चित्रफिती कंपन्यांच्या संगणकांत जमा होऊन उद्या त्याच बायकांना विकल्या जाणार असतील, तर त्या मार्गदर्शनाचा उपयोग कोणाला? शेतकऱ्याने आपले बियाणे राखावे, पेरावे, देवघेव करावी आणि बिनछापाचे विकावेही, हा अधिकार २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने मान्य केला आहे. जो नियम बियाण्याला तोच ज्ञानाला लागू व्हावा. मंडळांमध्ये जे सांगितले-ऐकले जाईल ते मंडळांचे राहील, अशी अट पहिल्याच दिवशी लिहून घ्यावी.

आरंभ कोठून?

आपल्या तालुका शाखांना यासाठी कोणाच्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या सुगीपूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या क्षेत्रात कोठे धान्य बँक, बियाणे बँक वा दक्षता समिती खरोखर चालू आहे याची नोंद करावी. बंद पडलेल्यांचीही करावी, कारण बंद का पडली हे सांगणारी बाई तितकीच उपयुक्त गुरू असते. मोखाडा-जव्हारच्या एका पाड्याची अकोल्याच्या एका गावाशी, देगलूरच्या एका वस्तीची जहीराबादच्या एका संघाशी जोडी लावावी. जाण्यायेण्याचे भाडे शाखेने वर्गणीतून उभे करावे. पंधरवड्याची फोनवरची बैठक कार्यकर्त्याने जुळवून द्यावी आणि मग स्वतः गप्प बसावे. आपल्या कार्यकर्त्याला यातील शेवटचे काम सर्वांत कठीण जाईल. परंतु ज्या चळवळीला कष्टकऱ्यांचे ऐकून घेता येत नाही तिला त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार नाही.

एका वर्षाने अशा दहा जोड्या टिकल्या तर त्यांचा मेळावा घ्यावा आणि त्या मेळाव्यातून शासनाकडे दोन मागण्या ठेवाव्यात: गावाने राखलेल्या धान्य बँकांना आरंभीचे धान्य व शिकवणाऱ्या स्त्रियांना मजुरी द्या, आणि रेशनच्या हक्कात डाळ, तेल व भरड धान्य समाविष्ट करा. या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात आणि त्याच बायकांच्या सह्यांनिशी जावयास हव्यात.